आधी घर, मग परवाना

निवृत्तीनंतरचे आयुष्य आपल्या भूमीवर व्यतीत करू इच्छिणाऱ्या परकीय इसमाकडून पोर्तुगालचे सरकार मुख्यत्वे दोन गोष्टींची खात्री मागते: चरितार्थास पुरेल असे नियमित उत्पन्न, आणि राहण्यास निश्चित जागा. यांपैकी पहिल्या गोष्टीकडे आपल्या व्यवसायातील मंडळी, मग ती मुंबई-पुण्यातील सनदी लेखापाल असोत की पणजी-मडगावचे वकील, जेवढ्या दक्षतेने पाहतात तेवढ्या दक्षतेने दुसरीकडे पाहत नाहीत, हे आम्हांस स्पष्ट सांगणे प्राप्त आहे. निवृत्तिवेतनाचे दाखले, बँकेचे उतारे, आयकराची विवरणपत्रे यांची जुळणी महिनोन्‌महिने चालते. आणि अर्ज दाखल करण्याची तारीख समीप आली म्हणजे पत्त्याचा कागद कोठून तरी पैदा करावा अशी धावपळ सुरू होते. हा क्रम उलटा व्हावयास हवा, अशी आमची निश्चित धारणा आहे.

डी-७ या नावाने परिचित असलेला हा व्हिसा २००७ च्या २३ क्रमांकाच्या कायद्यावर आधारलेला असून त्यातील उत्पन्नाची अट त्या देशाच्या किमान वेतनाशी निगडित आहे. २०२५ साली हे वेतन मासिक ८७० युरो होते, आणि सहचरासाठी त्याचा अर्धा भाग अधिक धरावयाचा असल्याने दांपत्याचा आकडा त्या वर्षी १३०५ युरोंवर जात होता. हे गणित कोणालाही जमते. जागेचे गणित मात्र तितके सरळ नाही. स्वतःच्या नावे घर नसेल तर सामान्यतः किमान १२ महिन्यांचा भाडेपट्टा अपेक्षित असतो, आणि येथेच आपल्या अशिलाची जन्मभराची सवय आड येते. कारण ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार, थोडीफार अनामत आणि दलालाच्या टेबलावर उरकलेल्या सह्या एवढ्यालाच तो भाड्याचा व्यवहार समजत आलेला असतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या ५५ व्या कलमाने असा करारही लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक केले आणि त्याची जबाबदारी मालकावर टाकली, हे ठाऊक असूनही नोंदणी टाळणारे मालक आपण नित्य पाहतो. तसे मालक लिस्बन आणि पोर्तो येथेही आहेत.

तेथील पद्धत अशी की, प्रथम भाडेकरूने करक्रमांक मिळवावयाचा, त्या क्रमांकासह भाडेपट्टा लिहावयाचा, आणि मग मालकाने तो कर-खात्याकडे नोंदवून एका महिन्याच्या भाड्याच्या १० टक्के इतके मुद्रांक शुल्क भरावयाचे. ही नोंद झाली की भाड्याचे उत्पन्न सरकारदरबारी उघड होते, आणि ज्याला ते उघड होऊ द्यावयाचे नाही तो मालक गोड बोलून सही करतो, चावीही देतो, परंतु नोंदणीचे नाव काढताच मौन धारण करतो. आपल्या अशिलाची सांपत्तिक स्थिती जितक्या बारकाईने आपण तपासतो तितक्याच बारकाईने या मालकाचा तपास व्हावा: जागा खरोखर त्याच्या नावे आहे काय, सहमालकांची संमती आहे काय, नोंदणीची पावती तो कोणत्या दिवसापर्यंत देईल. अशील भारतात बसून मुखत्यारामार्फत सही करणार असेल तर ही चौकशी अधिकच आवश्यक ठरते, कारण त्याने ते घर डोळ्यांनी पाहिलेलेही नसते.

आता ज्या मुद्द्याची चर्चा आपल्या वर्तुळात अत्यंत कमी होते त्याकडे वळू. व्हिसा नाकारला गेला तर त्या भाडेपट्ट्याचे काय? पोर्तुगीज दिवाणी संहितेचे १०९८ वे कलम भाडेकरूला मुदतीपूर्वी जागा सोडण्याची मुभा देते, परंतु मूळ मुदतीचा एक तृतीयांश काळ लोटल्यावरच, आणि मुदत एक वर्षाची वा अधिक असेल तर १२० दिवसांची पूर्वसूचना देऊन. म्हणजे १२ महिन्यांच्या पट्ट्यात चार महिने थांबणे आले, आणि त्यापुढे जवळजवळ आणखी चार महिन्यांची सूचना आली. मासिक भाडे १००० युरो धरले तर ज्या घरात एक रात्रही काढली नाही त्या घरापायी वृद्ध दांपत्याचे सुमारे ८००० युरो खर्ची पडतात. यावर उपाय आहे, आणि तो त्याच संहितेत आहे: २७० वे कलम करारास अटीची जोड देऊ देते, तेव्हा व्हिसा नाकारल्याचा लेखी निर्णय हाती आल्यास पट्टा संपुष्टात येईल आणि अनामत परत केली जाईल, असे कलम तेथील वकिलाकडून पट्ट्यात घालून घ्यावे. ते मान्य करणारा मालक शोधण्यास वेळ लागतो, आणि म्हणूनच जागेचे काम सर्वांत आधी हाती घ्यावयाचे. अर्जाच्या आदल्या पंधरवड्यात अशी वाटाघाट होत नाही.

या अडचणीतून सुटण्यासाठी जो आडमार्ग सुचवला जातो, तो म्हणजे पत्त्यापुरता करार. कोणा परिचिताच्या घराचा पट्टा कागदोपत्री करावयाचा, व्हिसा हाती पडला की तो रद्द करावयाचा, आणि अशिलाने तिकडे गेल्यावर आपली सोय पाहावी. असे करार जुळवून देणे हा सल्ला नव्हे, असे आमचे ठाम मत आहे. डी-७ चा व्हिसा चार महिन्यांचा असतो. खरा निवास-परवाना २०२३ च्या ऑक्टोबरात स्थापन झालेल्या आयमा या संस्थेपुढे हजर राहून मिळवावयाचा असतो, आणि तेथे जागेचा प्रश्न पुन्हा उपस्थित होतो. परवान्याचे कार्ड टपालाने नोंदवलेल्या पत्त्यावर जाते. पुढे पत्ता बदलला तर ६० दिवसांच्या आत कळवावे लागते. रहिवासाचा दाखला हवा असल्यास त्या वस्तीच्या जुंता द फ्रेगेझियाकडे जावे लागते, आणि आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या दाखल्यासाठी ओळखीचा माणूस लागावा तसे तेथे प्रसंगी त्या वस्तीतील दोन मतदार साक्षीला उभे करावे लागतात. जेथे आपण कधी राहिलोच नाही तेथे साक्षीदार कोठून आणावयाचे? सत्तरीच्या माणसाला परभाषेच्या देशात हा प्रश्न एकट्याने सोडवावयास लावणे क्रूरपणाचे आहे.

थायलंडची रीत याहून भिन्न आहे आणि ती समजून घेण्याजोगी आहे. तेथे ५० वर्षांवरील निवृत्तास ८ लाख बाटची ठेव किंवा मासिक ६५,००० बाट उत्पन्न दाखवून वर्षावर्षाने मुक्काम वाढवता येतो; परंतु १९७९ च्या इमिग्रेशन कायद्याच्या ३८ व्या कलमान्वये परकीय राहावयास आल्यापासून २४ तासांच्या आत त्याची वर्दी देण्याचे कर्तव्य घराच्या मालकावर किंवा कब्जेदारावर आहे. टीएम-३० या नमुन्यातील ही वर्दी मालकाने दिली नाही तर दंड कायद्याने त्याला होतो, पण मुदतवाढीच्या खिडकीशी अडतो तो भाडेकरू. नव्वद दिवसांनी आपला पत्ता कळवण्याचे कर्तव्य मात्र त्या परकीयाचे स्वतःचे. म्हणून तेथील भाडेपट्ट्यात भाड्याच्या रकमेइतकेच महत्त्व या वर्दीच्या हमीला आहे, आणि मालकाच्या ओळखपत्राची व घराच्या नोंदवहीची सही केलेली प्रत चावीबरोबरच ताब्यात घ्यावी.

पैसे धाडण्याची बाब आपल्या वाचकांस परिचित असल्याने तिचा निर्देश तेवढा करतो. अनामत व आगाऊ भाडे रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली, वार्षिक २,५०,००० डॉलरच्या मर्यादेत, अशिलाच्या स्वतःच्या खात्यातूनच जावे. १ एप्रिल २०२५ पासून १० लाख रुपयांवरील अशा रकमेवर २० टक्के टीसीएस कापला जातो, तो पुढे करात वळता होतो, परंतु तोवर ती रक्कम अडकून पडते हे अशिलास आधीच सांगावे.

एका गोष्टीविषयी मात्र आम्हांस विशेष आस्था वाटते. निवृत्तिवेतन बहुधा पतीचे, म्हणून पट्टाही एकट्या पतीच्या नावे, असा प्रघात पडला आहे. पोर्तुगीज संहिता भाडेकरूच्या मृत्यूनंतर त्या घरात राहणाऱ्या त्याच्या पत्नीकडे पट्टा संक्रमित होऊ देते हे खरे. परंतु तो हक्क सांगण्यासाठी तिला त्या घरातील आपला रहिवास सिद्ध करावा लागतो, आणि तोही ज्या आठवड्यात तिच्या पायाखालची जमीन सरकलेली असते त्या आठवड्यात. पट्टा लिहितानाच दोघांची नावे भाडेकरू म्हणून घालावी, नोंदणीत दोघांचे करक्रमांक द्यावे, आणि विजेचे वा पाण्याचे एक तरी देयक तिच्या नावे असावे. यास जादा खर्च जवळजवळ नाही. मसुदा मालकाकडे जाण्यापूर्वी तो एकदा तिच्यासमोर वाचून दाखवावा.