परसबाग : वांग्याच्या रोपाचे वय



रोपवाटिकेत वांग्याची रोपे निवडताना हात आपोआप सर्वांत उंच रोपाकडे जातो. त्यातल्या एखाद्याला जांभळे फूल आलेले असते, आणि विक्रेताही कौतुकाने तेच पुढे करतो. आपण मात्र ते खाली ठेवावे आणि शेजारचे, वीतभरही न भरलेले, पाचसहा पानांचे रोप घरी आणावे.

वांग्याचे रोप पेरणीपासून साधारण चार ते सहा आठवड्यांत लागवडीयोग्य होते. उबदार दिवसांत ते महिन्याभरातच तयार होते. थंडीत वाढ मंदावते आणि दीड महिनाही लागतो. म्हणून केवळ दिनदर्शिकेवर विसंबू नये. उंची 12 ते 15 सेंटिमीटर, पाने पाच-सहा, खोड पेन्सिलीहून बारीक पण ताठ, आणि तळाशी अजून हिरवेपण, ही खूण अधिक भरवशाची.

वय उलटून गेले की काय बिघडते? ट्रेच्या चिमुकल्या कप्प्यात मुळांना जागा उरत नाही. ती भिंतीला धरून गोल गोल फिरू लागतात आणि कुंडीत लावल्यावरही काही काळ तोच फेरा धरून राहतात. वर पाने पुष्कळ, ती पाणी मागतात. खाली मुळे अपुरी, ती पुरवू शकत नाहीत. खोडही लाकडासारखे निबर झालेले असते. असे रोप लागवडीनंतर बरेच दिवस नुसते उभे राहते. अडचणीत सापडल्यामुळे ते घाईने फुलते, एखाददुसरे वांगे लवकर देतेही. परंतु फांद्या फुटण्याच्या काळात त्याची शक्ती फळाकडे गेलेली असते. ज्या झाडाला फांद्या थोड्या, त्याला पुढची फळेही थोडीच. पहिल्या वांग्याच्या आनंदात ही तूट सहसा ध्यानात येत नाही.

फार कोवळे रोपही नको. तीन पानांचे रोप उन्हाने कोमेजते, ओल जास्त झाली तर जमिनीलगत कुजून आडवे पडते, आणि एका रात्रीत गोगलगाय ते फस्त करू शकते.

चातुर्मासात वांगे वर्ज्य करणाऱ्या घरांत चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य होतो. तो दिवस नोव्हेंबर-डिसेंबरात येतो. लागवडीनंतर पहिली तोडणी मिळायला दोन ते अडीच महिने लागतात, म्हणजे रोप सप्टेंबरच्या आरंभी कुंडीत गेले पाहिजे आणि बी जुलैच्या अखेरीस पेरले पाहिजे. घरच्या वांग्याचे भरीत करावयाचे, तर हिशेब असा उलटा मांडावा लागतो.

आता एक गोष्ट घरातील मुला-सुनांसाठी, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची हीच. आजी-आजोबा बी पेरतात, रोज पाणी घालतात, रोपे वेळेवर तयार होतात. पण मोठी कुंडी सरकवणे, माती आणणे, ती भरणे त्यांच्याने होत नाही. ते काम येत्या रविवारवर जाते, मग त्याच्या पुढच्या रविवारवर. तिकडे रोपाचे वय उलटते, झाड खुरटते, आणि आजोबा म्हणतात, ‘आता माझ्या हाताला यश नाही.’ दोष हाताचा नसतो. तेव्हा बी पेरले त्याच दिवशी पंधरा-वीस लिटरची कुंडी जागेवर ठेवून मगच भरावी; भरल्यावर ती हलवणे तरुणालाही जड जाते. टोमॅटो, मिरची वा बटाटा ज्या मातीत झाला, ती माती घेऊ नये. त्यांचे रोग वांग्यालाही लागतात.

लागवडीपूर्वी चार-पाच दिवस पाणी थोडे कमी करावे, म्हणजे रोप काटक होते. आदल्या दिवशी मात्र भरपूर द्यावे. लागवड ऊन उतरल्यावर करावी. ज्येष्ठांनी उकिडवे न बसता ट्रे मेजावर घेऊन रोपे सुटी करावीत. मधुमेह असणाऱ्यांनी ओल्या मातीत अनवाणी वावरू नये; पायाची बारीक जखम कळून येत नाही.

आणि उशीर झालाच असेल, तर रोप फेकू नका. मुळांचा वेढा बोटांनी हळुवार सोडवावा, फुले-कळ्या खुडाव्यात, शेंडा किंचित खुडून बाजूच्या फुटव्यांना वाट द्यावी. टोमॅटोप्रमाणे खोड खोल पुरू नये. वांग्याच्या खोडाला तशी सहज मुळे फुटत नाहीत. ट्रेमध्ये मातीची जी पातळी होती, तीच कुंडीतही ठेवावी, आणि पहिले तीन-चार दिवस दुपारच्या उन्हात वर जुने धोतर किंवा साडीचा तुकडा आडवा बांधावा.