दुकानाचं माप वेगळं, नियमाचं माप वेगळं

थोडं मोठं लिहितोय. पण ज्यांच्या घरात लॅपटॉप आहे आणि पायाला भिंगरी आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

गाडी हेच ऑफिस झालेली माणसं आता आपल्या तालुक्यातही कमी नाहीत. मतमोजणीच्या दिवशी आम्ही पत्रकार बातम्या गाडीत बसूनच पाठवतो. लग्नाचं शूटिंग करणारी पोरं, एमआर, विमा एजंट, जमिनीची मोजणी करणारे, सगळ्यांचा लॅपटॉप गाडीतच चार्जिंगला लागलेला असतो. पुण्या-बेंगळुरूला नोकरी करणारी मुलं नागपूरहून विमान पकडतात. चार्जिंग पुरेल का, याची चिंता सगळ्यांना आहे. ते सुरक्षित आहे का, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. आणि विचारलं तरी उत्तर सापडत नाही, कारण दुकान एका मापात विकतं आणि नियम दुसऱ्याच मापात लिहिलेला असतो. माझी खरी तक्रार ही आहे.

आधी विमानाचं बघू. पॉवर बँक घ्यायला गेलात की दुकानदार सांगतो, 'वीस हजार एमएएच आहे साहेब.' डब्यावरही तेच मोठ्या अक्षरात. विमानाचा नियम मात्र वॅट-अवरमध्ये आहे. १०० वॅट-अवरपर्यंतची चालते. १०० ते १६० असेल तर विमान कंपनीची आधी परवानगी लागते. १६० च्या वर असेल तर नाहीच. आता डब्यावरच्या आकड्यावरून हे कसं कळणार? गणित सोपं आहे, फक्त कुणी सांगत नाही. एमएएचला ३.७ ने गुणायचं आणि १००० ने भागायचं. २०,००० वाली ७४ वॅट-अवर होते, म्हणजे बिनधास्त चालते. ३०,००० वाली १११ होते, म्हणजे ती परवानगीशिवाय चालत नाही. वरच्या ५ व्होल्टने गुणू नका, तो बाहेर येणाऱ्या करंटचा आकडा आहे. आतल्या सेलचा आकडा ३.७ असतो.

दुसरा नियम त्याहून महत्त्वाचा. पॉवर बँक आणि सुटी बॅटरी चेक-इनच्या बॅगेत कधीच टाकायची नाही, जवळच ठेवायची. लॅपटॉपही शक्यतो जवळच. लिथियम बॅटरी आतून तापत गेली तर सामानाच्या पोटातली आग विझवणारी यंत्रणा ज्वाला दाबते, पण बॅटरीचं तापणं थांबवू शकत नाही. केबिनमध्ये निदान धूर दिसतो आणि कर्मचारी पाणी मारून ती थंड करू शकतात. वरचे कप्पे भरले म्हणून ऐन वेळी तुमची हातातली बॅग खाली पाठवायला घेतली, तर पॉवर बँक आधी काढून घ्या. घाईत नेमकं हेच राहून जातं.

'इतकी वर्षं चाललंय, काय झालं?' असं म्हणणारे भेटतील. त्यांना हे सांगा. २८ जानेवारी २०२५ ला दक्षिण कोरियात बुसानच्या विमानतळावर एक प्रवासी विमान उड्डाणाआधीच पेटलं. आत १७६ माणसं होती, सगळी वाचली. आग वरच्या सामानाच्या कप्प्याच्या बाजूने सुरू झाली होती आणि तपासात बोट पॉवर बँकेकडे गेलं. त्याच वर्षी १९ ऑक्टोबरला आपल्या दिल्लीत, दिमापूरला निघालेल्या विमानात धावपट्टीकडे जाताना एका प्रवाशाची पॉवर बँक पेटली. कर्मचाऱ्यांनी ती विझवली. त्यानंतर डीजीसीएनेही नियम कडक केले: विमानात पॉवर बँकेवरून चार्जिंग करायचं नाही आणि ती वरच्या कप्प्यात ठेवायची नाही. म्हणून लॅपटॉप घरूनच पूर्ण चार्ज करून निघा.

आता गाडी. इथे तर कुणी तपासायलाही नाही. लायटरच्या सॉकेटला बहुतेक गाड्यांत १० ते १५ अँपिअरचा फ्यूज असतो. १२ व्होल्ट गुणिले १० अँपिअर, म्हणजे १२० वॅट. साधा लॅपटॉप ४५ किंवा ६५ वॅट घेतो, तो आरामात चालतो. पण गेमिंगचा किंवा एडिटिंगचा २०० वॅटचा लॅपटॉप, त्यात एकाच सॉकेटला कॅमेऱ्याचा चार्जर आणि दोन मोबाइल जोडले, की फ्यूज उडणार. उडाला म्हणजे त्याने आपलं काम केलं. आपल्याकडे मात्र लगेच मोठा फ्यूज टाकतात, नाहीतर तार गुंडाळतात. मग फ्यूजऐवजी डॅशबोर्डामागची वायर तापते. काही ठिकाणी तर इन्व्हर्टरला फ्यूज न लावता बॅटरीवरून डायरेक्ट कनेक्शन काढून देतात. वायर घासली, शॉर्ट झाली, तर मध्ये थांबवणारं काहीच नाही.

लॅपटॉप टाइप-सीवर चार्ज होत असेल तर चांगल्या कंपनीचा ६५ वॅटचा कार चार्जर घ्या, इन्व्हर्टरची गरजच नाही. इन्व्हर्टर वापरायचाच असेल तर तो सीटखाली, कपड्यांत कोंबू नका, त्याला हवा लागते. गाडी सुरू झाल्यावर जोडा, बंद करण्याआधी काढा. आणि विदर्भातल्या मे महिन्यात बंद गाडीत लॅपटॉप किंवा पॉवर बँक सोडून जाऊ नका. लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असं बनवणारेच सांगतात. आपल्याकडे तेवढं तर सावलीत असतं.

हे सगळं प्रवाशानेच शोधून काढायचं का? डब्यावर वॅट-अवरचा आकडा एमएएचइतकाच मोठा छापायला काय खर्च येतो? विमान कंपन्या तिकिटाचा मेसेज पाठवतात, त्यात मराठीत दोन ओळी घालता येत नाहीत? पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या माणसाला नियम तपासणीच्या रांगेत नाही, घरी बॅग भरताना कळायला हवा. आणि बीआयएसची नोंदणी बंधनकारक असताना विनानोंदणीच्या पॉवर बँका बाजारात आल्या, तर त्या पकडणं हे यंत्रणेचं काम आहे, गिऱ्हाइकाचं नाही.

तोवर आपण एवढं करू. खरेदी करताना आर अक्षराने सुरू होणारा बीआयएस क्रमांक बघा, बीआयएस केअर अॅपवर तपासा. दुकानदाराला थेट विचारा, 'किती वॅट-अवर?' दहा गिऱ्हाइकांनी विचारलं की अकराव्याला तो स्वतःहून सांगेल.

घरातलं कुणी येत्या आठवड्यात प्रवासाला निघणार असेल तर हे त्यांना वाचून दाखवा. आणि तुमच्या पॉवर बँकेवर वॅट-अवरचा आकडा सापडतो का, ते बघून खाली लिहा. सापडला नाही तर तेही लिहा. तेच जास्त कामाचं आहे.