अभियंत्याची खरी परीक्षा

इंजिनिअरिंगच्या परीक्षेचा निकाल लागला कीं वडीलधाऱ्या मंडळींचा पहिला प्रश्न गुणांचा असतो. त्यांत गैर कांहींच नाहीं. परंतु तेवढ्यावरच थांबल्यानें आपली फसगत होते, असें आम्हांस वाटतें.

महाभाष्यकार पतंजलींनीं विद्या सफल होण्याचे चार काल सांगितले आहेत : गुरुमुखांतून ग्रहण करण्याचा, स्वतः अभ्यासण्याचा, दुसऱ्यास शिकविण्याचा आणि व्यवहारांत योजण्याचा. लेखी परीक्षा बहुधा पहिल्या दोहोंचाच हिशेब घेते. अभियंत्याचा संबंध मात्र चौथ्या कालाशीं, आणि तिकडची वाट तिसऱ्यांतून जाते. कारण जें दुसऱ्यास समजावितां येत नाहीं, तें स्वतःसहि पुरतें उमगलेलें नसतें.

हें केवळ आमचें म्हातारपणींचें मत नव्हे. हार्वर्ड विश्वविद्यालयांतील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक एरिक माझूर यांनीं १९९७ सालच्या आपल्या ग्रंथांत एक अनुभव नोंदविला आहे. एकाच परीक्षेंत त्यांनीं विजेच्या सर्किटविषयीं दोन प्रश्न घातले. एकांत आंकडे देऊन प्रवाह काढावयाचा होता. दुसऱ्यांत कळ दाबल्यावर कोणत्या दिव्याचा प्रकाश वाढेल वा घटेल, एवढेंच सांगावयाचें होतें. आंकडेमोड पुष्कळांस साधली. दिव्यांच्या साध्या प्रश्नावर त्यांतलेच कित्येक अडखळले! रीत पाठ होती, अर्थ कळला नव्हता.

आपल्याकडे लेखी परीक्षेच्या जोडीस सत्रांतील कामाला व तोंडी परीक्षेलाहि गुण असतात. योजना उत्तम, पण पुष्कळ ठिकाणीं जर्नल दुसऱ्याचें पाहून उतरलें जातें, आणि काचेखालीं दिवा लावून मित्राचें ड्रॉइंग जसेंच्या तसें गिरविलें जातें. गुण मिळतात, हाताला वळण मात्र लागत नाहीं. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनें २०१८ सालीं परीक्षासुधारणेचें धोरण प्रसिद्ध केलें, आणि स्मरणापलीकडे जाऊन उपयोजन, पृथक्करण, मूल्यनिर्णय व निर्मिती यांचीहि पारख व्हावी असें सुचविलें. परंतु 'ही तुळई एवढीच जाड कां?' असें विचारून उत्तराची शांतपणें वाट पाहणारा शिक्षक लाभेल, तेव्हांच तें धोरण वर्गांत उतरेल.

तोंवर घरच्यांनीं स्वस्थ बसावें काय? मुळींच नाहीं. मुलगा किंवा मुलगी सुटींत घरीं आली कीं म्हणावें, 'खोलीच्या स्लॅबमध्यें मधल्या भागांत सळया खालच्या अंगास कां घालतात, तें आजीला समजेल असें सांग.' वजनानें स्लॅब किंचित् वांकतो, त्याची खालची बाजू ताणली जाते, आणि काँक्रीटला दाब सोसतो तसा ताण सोसत नाहीं. तो सळयांनीं घ्यावयाचा. एवढें आजीला पटलें तर पतंजलींचा तिसरा काल साधला म्हणावें. न साधल्यास रागावूं नये. पुन्हां पुस्तक उघडावयास लावावें. कारण उद्यां अशाच एखाद्या स्लॅबखालीं कोणाचें तरी बिऱ्हाड नांदावयाचें आहे, आणि त्या स्लॅबला गुणपत्रिका वाचतां येत नाहीं.