गळाला लागू नका



मोबाईलवर काही मथळे असे असतात : "ही नोट तुमच्याकडे आहे का? आत्ताच बघा, नाहीतर पस्तावाल!" बातमी काय ते सांगत नाहीत, नुसती भीती घालतात. दारणेत मासे धरायला गळाला गांडूळ लावतात ना, तसाच हा मथळा. त्याला क्लिकबेट म्हणतात. बेट म्हणजे आमिष. आपण बोट दाबले की जाहिराती दिसतात आणि पोस्ट टाकणाऱ्याला त्याचे पैसे मिळतात. मग खरे-खोटे तो कशाला बघेल?

नोटांचेच उदाहरण घ्या. आपल्या नाशिक रोडच्या प्रेसमध्ये १९२८ सालापासून नोटा छापतात. तरी २०२३ साली मोबाईलवर फिरले की, नंबरात स्टारची म्हणजे चांदणीची खूण असलेली ५०० ची नोट खोटी आहे. खरे काय ते रिझर्व्ह बँकेने जुलै २०२३ मध्ये सांगितले. १०० नोटांच्या पाकिटात एखादी नोट छापताना बिघडली, तर तिच्या जागी चांदणीची नोट घालतात. ती इतर नोटांसारखीच चालते. त्याआधी २०१६ साली २०००च्या नव्या नोटेत चिप आहे, अशी थाप पसरली होती. चिप-बिप काही नव्हती!

कोणी म्हणेल, थाप वाचली तर काय बिघडले? बिघडते. समजा, बाजारात एखाद्या आजीची दिवसभराची भाजी विकून एकच ५०० ची नोट हातात आली. ती खरी असून दुकानदाराने घेतली नाही, तर आजीने घरी तेल-मीठ कसे न्यायचे?

अशी पोस्ट ओळखायला सोपी असते. ती घाबरवते किंवा फुकटचे आमिष दाखवते. मथळ्यात एक आणि आत भलतेच असते. कोणी सांगितले, कधी सांगितले, याचा पत्ता नसतो. आणि शेवटी "लगेच दहा जणांना पाठवा" असते. खऱ्या बातमीला एवढी घाई नसते.

पालकांनो, राग मानू नका, पण घरात अशा पोस्ट मोठी माणसंच जास्त पाठवतात. माझे मत असे की, नोटेची शंका आली तर बँकेत विचारावे, दुसरी काही असेल तर गुरुजींना विचारावे. तोवर पुढे पाठवू नये. ऐकावे जनाचे, करावे मनाचे.

— एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी