फुटून निघण्याचा हक्क कोणाचा?

माणसाला धर्म सोडता येतो, संस्था सोडता येते. मग एखाद्या प्रदेशाला राष्ट्र का सोडता येऊ नये, असा सवाल व्यक्तिस्वातंत्र्याचे काही पुरस्कर्ते करीत असतात. १४ ऑक्टोबर १९५६ पासून ज्या कुटुंबांनी जुना धर्म सोडून बुद्धाचा मार्ग धरला, त्यांनी या सवालाचा विचार अवश्य केला पाहिजे. सोडून जाणे म्हणजे काय, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार?

धर्मांतर करणाराने प्रतिज्ञा घेतली ती स्वतःच्या मुखाने. शेजाऱ्याच्या वतीने ती कोणी घेतली नाही. प्रदेश फुटतो तेव्हा मात्र बहुमत निघून जाते आणि नको म्हणणारासही फरफटत नेते. डिसेंबर १८६० मध्ये अमेरिकेतील दक्षिण कॅरोलिना राज्य संघराज्यातून बाहेर पडले. घोष राज्याच्या हक्काचा होता, पण राखावयाची होती गुलामगिरी. त्या राज्यातील निम्म्याहून अधिक माणसे गुलाम होती. त्यांचे मत कोणी विचारले होते काय?

आपल्या देशाची फाळणी कायद्याने व वाटाघाटीने झाली, तरी तिचा धडा तोच आहे. डॉ. बाबासाहेबांनी १९४० सालीच पाकिस्तानवरील आपल्या ग्रंथात, सीमा आखल्यावर पलीकडे अडकणाऱ्या अल्पसंख्यांकांचे काय, हा प्रश्न मांडला होता आणि लोकसंख्येच्या अदलाबदलीचा विचार केला होता. १९४७ च्या अखेरीस पाकिस्तानातील अस्पृश्य बांधवांना, सफाईची कामे अडतील म्हणून, भारतात येऊ दिले जात नव्हते. त्याविरुद्ध बाबासाहेबांनी पंडित नेहरूंकडे दाद मागितली. पाकिस्तानचे पहिले कायदेमंत्री झालेले जोगेंद्रनाथ मंडल हेही ऑक्टोबर १९५० मध्ये राजीनामा देऊन भारतात परतले. नवे राष्ट्र जन्मले म्हणून दलिताची मान आपोआप ताठ होत नाही.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी दोन गोष्टी सांगितल्या. भारत हा राज्यांच्या करारातून झालेला संघ नव्हे, म्हणून कोणत्याही राज्यास फुटून निघण्याचा अधिकार नाही, ही एक. मसुद्याने खेडे टाकून व्यक्ती हा घटक मानला, ही दुसरी. एकाच भाषणातील ही दोन विधाने परस्परविरोधी नाहीत. हक्क व्यक्तीचा असेल, तर तो प्रदेशाच्या बहुमताने हिरावून घेता कामा नये, हाच दोहोंचा अर्थ होय.

मग राष्ट्र हा तुरुंग ठरतो काय? मुळीच नाही. घटनेच्या तिसऱ्या कलमान्वये संसद नवी राज्ये करू शकते. १९५५ साली बाबासाहेबांनीच मराठी मुलखाची चार राज्ये सुचविली होती. आपले कुर्ला पाहा. १९५० साली ते बृहन्मुंबईत आले, १९५६ साली द्वैभाषिक राज्यात, १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात, तर १९९० साली मुंबई उपनगर जिल्ह्यात. सीमा बदलत गेल्या, परंतु तेथील चाळीतल्या माणसाचे मत व मूलभूत हक्क त्यापायी गेले नाहीत. कारण घटना एकच राहिली. फुटून निघताना नेमकी तीच हातची जाते.

कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली क्वेबेकविषयी समंजस निर्णय दिला. प्रांतास एकतर्फी बाहेर पडता येणार नाही. पण स्पष्ट प्रश्नावर स्पष्ट बहुमत मिळाले, तर वाटाघाटी कराव्या लागतील आणि त्यांत अल्पसंख्यांकांचे हक्क सांभाळावे लागतील. गाऱ्हाणे ऐकून घेणे म्हणजे देश मोडणे नव्हे. १९६३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीने देशाच्या अखंडतेसाठी भाषणस्वातंत्र्यावर निर्बंध घालण्याची वाट मोकळी केली. ती वाट प्रत्येक तक्रारदाराचे तोंड बंद करण्यासाठी वापरली गेली, तर एकतेचाच पाया खचेल, असे आमचे स्पष्ट मत आहे.

घटनेच्या उद्देशिकेत बंधुतेला दोन कामे नेमून दिली आहेत : व्यक्तीची प्रतिष्ठा आणि राष्ट्राची एकता. प्रतिष्ठेचा उच्चार प्रथम आहे, हे विसरता कामा नये. ज्या गावात बौद्धांवर बहिष्कार पडतो, तेथे नकाशावर देश एक असला तरी माणसांत तो फुटलेलाच असतो. बांधवांनो, जे राष्ट्र फोडू पाहतात त्यांना विचारा की, तुमच्या नव्या राज्यात दुबळ्याला दाद कोठे मिळेल? आणि जे रात्रंदिवस एकतेचा घोष करतात त्यांना विचारा की, आमच्या वस्तीला तुमच्या विहिरीचे पाणी केव्हा मिळेल? दोन्ही प्रश्न निर्भयपणे विचारणे हेच खरे राष्ट्रकार्य होय.