पुडीचा पक्ष

जुलाब लागलेलं मूल दगावतं ते शरीरातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. एवढं पक्कं ध्यानात ठेवलं, की जुलाबावरच्या प्रत्येक सल्ल्याला एकच प्रश्न विचारता येतो: गेलेलं पाणी आणि गेलेले क्षार यातून योग्य प्रमाणात परत मिळतात का? घरातल्या समजुती, दवाखान्यातल्या सवयी आणि बाजारातल्या जाहिराती या तिघांनाही हाच प्रश्न विचारायला हवा.

पहिली समजूत अशी, की पोटाला विश्रांती द्यावी. खाणं बंद, पाणी बेताचं, म्हणजे जुलाब आपोआप थांबतील. काहीही दिलं की लगेच शी होते, हे आईला डोळ्यांसमोर दिसतं, म्हणून ही समजूत खरी वाटते. पण पाणी तोडलं तरी आतड्यातून ते जायचं थांबत नाही. फक्त भरपाई थांबते. उपाशी मुलाचं आतडंही सावकाश सुधारतं. म्हणून अंगावरचं दूध चालूच ठेवायचं आणि वरचं खाणारं मूल असेल तर मऊ भात, खिचडी, वरण थोडं थोडं देत राहायचं.

तिचीच जोडीदार म्हणजे ‘दात येताहेत, जुलाब व्हायचेच’ ही समजूत. दात येतात त्या सुमारास मूल रांगू लागतं, हाताला लागेल ते तोंडात घालतं आणि वरचं अन्न खाऊ लागतं. जंतू पोटात जातात ते या वाटांनी. दातांवर खापर फोडून गप्प बसलं, की मुलाला शोष पडतोय हे उशिरा कळतं.

दुसरी समजूत मोठ्या माणसांची: एक बाटली चढवली की ताकद येते. या बाटलीत असतं काय? अर्धा लिटर साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ. पाच टक्के ग्लुकोजची बाटली असेल तर २५ ग्रॅम साखर, म्हणजे सुमारे शंभर कॅलरी. एका पोळीतून जवळजवळ तेवढीच ऊर्जा मिळते. सलाईननंतर तरतरी येते हे खरं, कारण पाणी आणि मीठ परत मिळतं. पण शुद्धीवर असलेल्या, पिऊ शकणाऱ्या रोग्याला तेच तोंडावाटे मिळू शकतं. सलाईनची जागा ठरलेली आहे: तीव्र शोष, न थांबणारी उलटी, हरपणारी शुद्ध. तिथे सलाईन जीव वाचवतं. एरवी ते सुईच्या संसर्गाचा धोका आणतं आणि खिसा रिकामा करतं.

तिसरा दोष सर्वांत गंभीर, कारण इथे चूक अजाणतेपणी होत नाही, विकली जाते. औषधाच्या दुकानात ओआरएस, म्हणजे जुलाबात पाजायचं क्षार-साखरेचं द्रावण, मागितलं, की फळांच्या चवीचा गोड टेट्रापॅक हातात यायचा. नावात ‘ओआरएस’ ही अक्षरं ठळक, आत मात्र साखरेचं पाणी. काहींत लिटरमागे शंभर ग्रॅमच्या आसपास साखर. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरला ग्लुकोज असतं फक्त १३.५ ग्रॅम. फरक चवीपुरता नाही. साखर अति झाली की ती पाणी आतड्यात ओढून घेते आणि जुलाब वाढतात. वर दिलेल्या कसोटीवर हे पेय नुसतं नापास होत नाही, उलट काम करतं.

हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी या पेयांविरुद्ध वर्षानुवर्षं लढा दिला. २०२२ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ‘हे शिफारस केलेलं ओआरएस नाही’ अशी सूचना छापण्याच्या अटीवर हे नाव वापरायची मुभा दिली होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती मागे घेतली. कंपन्यांची बाजू अशी होती, की सूचना छापली होती, आम्ही फसवलं कुठे? घाबरलेली आई रात्री दहा वाजता पाकिटावरचं बारीक इंग्रजी वाचत नाही, ती नाव वाचते. नावाने विश्वास कमवायचा आणि बारीक अक्षरांनी जबाबदारी झटकायची, ही फसवणूकच आहे.

आता खऱ्या ओआरएसच्या पुडीविषयी. पटकीतही आतड्याची एक क्षमता शाबूत राहते: ग्लुकोज आत घेताना ते सोडियमही सोबत घेतं आणि त्यांच्यामागून पाणी जातं. म्हणून प्रमाण महत्त्वाचं. लिटरभर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत पटकी पसरली. पश्चिम बंगालमधल्या बनगावला सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून रोग्यांच्या नातेवाइकांच्याच हाती दिलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आलं. तिथे पाजणारे हात घरच्यांचे होते. आपल्यालाही ते जमेल.

कृती सोपी आहे, पण काटेकोर. पुडी लिटरची असेल तर संपूर्ण पुडी उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात घालायची. अर्धी पुडी अंदाजाने नाही. चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, त्याहून मोठ्याला अर्धा ते एक कप, चमच्याचमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश. पुडी मिळेपर्यंत लिटरभर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. पेज आणि ताक जोडीला चालतं. सोबत डॉक्टरांच्या किंवा आशाताईंच्या सांगण्यानुसार चौदा दिवस झिंकच्या गोळ्या. जुलाब रोखणारी गोळी लहान मुलाला स्वतःहून देऊ नये, प्रतिजैविकंही नाहीत. डोळे किंवा टाळू खोल गेली, लघवी थांबली, मूल पेंगू लागलं, पिईना झालं किंवा शौचातून रक्त पडलं, तर वाट न पाहता दवाखाना गाठायचा.

कोणी म्हणेल, पुडीची चव मुलांना आवडत नाही, गोड पेय ती आनंदाने पितात. खरं आहे. पण शोष पडलेलं मूल तहानेने हे पाणी बहुधा पितंच, आणि पीत नसेल तर ते साखर वाढवण्याचं कारण नसून धीराने चमच्याने पाजण्याचं आहे. कोणी म्हणेल, इतकी स्वस्त वस्तू कितपत गुणकारी असणार? हाच गैरसमज सगळ्या गोड पाकिटांना आणि अनावश्यक सलाईनला गिऱ्हाईक मिळवून देतो. पुडीत नफा थोडा, म्हणून तिची जाहिरात थोडी. तिच्या गुणाशी त्याचा संबंध नाही.

म्हणून दुकानात नाव सांगून थांबू नका. जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र असलेली पुडी मागा आणि वरचे चार घटक ताडून पाहा. औषधविक्रेत्यांनी गोड पेयं त्या पुडीशेजारी मांडू नयेत. आणि सरकारने आदेश काढून थांबू नये, दुकानांच्या फळ्या तपासाव्यात. मुलाच्या जिवाशी ज्याचा संबंध आहे, ते नाव कोणाच्याही व्यापारासाठी भाड्याने देता कामा नये.