बाबांची दाढी आणि विजेचा शेव्हर

मी डॉक्टर नाही आणि विमा एजंट तर नाहीच नाही. तरीही आरोग्य आणि अर्थकारणाच्या या पानावर लिहायचे धाडस करतो आहे, कारण विषय अगदी घरगुती आहे: दाढी.

गोष्ट एका जानेवारीतली. नेपरव्हिलमध्ये रात्रभर बर्फ पडून रस्ते गोठलेले. पुण्याहून आमच्याकडे आलेले बाबा बाथरूममधून बाहेर आले ते हनुवटीखाली टॉवेल दाबून. "काही नाही रे, जरा कापलंय." तुरटी फिरवून झाली होती, वर्तमानपत्राचा कपटाही चिकटवून झाला होता, पण वीस मिनिटे उलटली तरी रक्त थांबेना. हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी बाबा वॉरफॅरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारी गोळी घेतात. शेवटी सौभाग्यवतींनी स्वच्छ गॉजची घडी जखमेवर ठेवली आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटे घट्ट दाबून धरली. मध्ये उचलून बघू दिले नाही. रक्त थांबले.

त्या पंधरा मिनिटांत माझ्या डोक्यात दोनच विचार होते. इमर्जन्सी रूमपर्यंत गाडी कशी न्यायची, आणि बाबांच्या व्हिजिटर इन्शुरन्समध्ये हे बसणार का? आईवडिलांसाठी आपण घेतो त्या बहुतेक पॉलिसींत आधीपासूनच्या आजारांना संरक्षण नसते, किंवा असले तरी फार मर्यादित असते. हृदयाच्या गोळीमुळे न थांबलेले रक्त 'आधीचा आजार' की 'नवा अपघात', हा वाद इमर्जन्सी रूमचे बिल हातात घेऊन घालायची वेळ कोणावरही येऊ नये.

रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांना डॉक्टर विजेचा शेव्हर वापरायला सांगतात. बाबांनाही सांगितले होते, आम्हीच ते मनावर घेतले नव्हते. (गोळी मात्र आपल्या मनाने कधीही बंद करू नये.) त्याच संध्याकाळी रूट ५९ वरच्या एका दुकानातून शेव्हर आणला. आठवड्याभरात तो खणात गेला. बाबांचा अभिप्राय असा, "हे यंत्र गाल चाटतं, दाढी करत नाही."

मग बाबा तीन-चार दिवसांनी एकदा भीतभीत ब्लेड फिरवू लागले. मधल्या दिवसांत खुंट वाढलेले असत. हळूहळू त्यांनी रिव्हरवॉकवर फिरायला येणे सोडले. मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमालाही "तुम्ही जाऊन या" म्हणाले. ज्या माणसाने चाळीस वर्षे रोज तुळतुळीत दाढी करून ऑफिस गाठले, त्याला पांढऱ्या खुंटांसह चारचौघांत जाणे म्हणजे आजारी म्हणून मिरवणे वाटत होते. हे माझ्या लक्षात यायला महिना लागला.

तेव्हा मी बाबांना म्हटले, "आपण दोघेही महिनाभर शेव्हरच वापरू. मग ठरवू." माझ्यासाठी दुसरा आणला. शेव्हर प्रत्येकाचा वेगळाच हवा, कारण त्यावर न दिसणारे रक्त राहू शकते आणि हेपटायटिस बी-सारखे आजार त्यातून पसरू शकतात.

शेव्हर ही काही नवी वस्तू नव्हे. जेकब शिक यांनी अमेरिकेत १९३१ साली तो बाजारात आणला. फिरत्या चकत्यांचा शेव्हर १९३९ साली फिलिप्सने आणला. इथे आपण त्याला 'नोरेल्को' म्हणून ओळखतो. दुसरा प्रकार सरळ जाळीचा. दोन्ही चांगलेच, पण हात चालवायची रीत वेगळी. चकत्यांचा शेव्हर छोट्या गोल फेऱ्यांत फिरवायचा. जाळीचा शेव्हर गालाशी काटकोनात धरून केसांच्या उलट दिशेने सरळ न्यायचा. बाबांकडे जाळीचा होता आणि ते तो गोल फिरवत होते!

बाकी आम्ही शिकलो ते असे:

१. दाढी आंघोळीच्या आधी करावी. कोरड्या दाढीला त्वचा कोरडी हवी, आणि आंघोळीनंतर ती ओलसर आणि फुगलेली असते. आधी दाढी, मग आंघोळ ही आपली जुनी पद्धत इथे उपयोगी पडते.

२. दाढी रोज करावी. तीन दिवसांचे आडवे पडलेले केस जाळीत शिरत नाहीत. वाढलेच असतील तर आधी ट्रिमर फिरवावा.

३. दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरावी. वयाने गाल आणि गळा सैल होतात, तिथे हे न केल्यास शेव्हर नुसता घसरतो.

४. दाबू नये. दाबल्याने दाढी जास्त चांगली होत नाही, कातडी लाल होते. सुरुवात गळ्यापासून करावी, कारण शेव्हर नंतर तापतो. आपल्या हिवाळ्यात फर्नेसमुळे त्वचा आधीच कोरडी असते, म्हणून शेवटी थोडे मॉइश्चरायझर लावावे.

५. शेव्हर रोज साफ करावा. जाळी ब्रशने घासू नये, ती नाजूक असते. पाण्याने धुता येणारा जाळीचा शेव्हर असेल तर आठवड्यातून एकदा जाळीवर हलक्या मशीन ऑइलचा थेंब द्यावा. जाळी आणि पाते साधारण दीड वर्षाने बदलावे. 'शेव्हर बिघडला' अशी तक्रार असते, तेव्हा बहुधा जाळीच झिजलेली असते.

६. तीन-चार आठवडे धीर धरावा. त्वचेला आणि हाताला सवय व्हायला तेवढा वेळ लागतो. आपण आठव्या दिवशी निकाल लावतो, तिथेच चुकते.

आता पैशाचे. शेव्हरने पैसे वाचतात असे मी म्हणणार नाही. बाबांच्या दोन धारांच्या ब्लेडइतके स्वस्त काहीच नाही. साधा चांगला शेव्हर साठ-सत्तर डॉलरला, आणि दीड वर्षाने जाळी तीस-चाळीस डॉलरला पडते. दोनशे डॉलरच्या मॉडेलची गरज मला तरी वाटली नाही. हा खर्च ब्लेडच्या खात्यात न मांडता विम्याच्या खात्यात मांडावा, म्हणजे हिशेब जुळतो.

आणि दाढी? खरे सांगतो, ब्लेडइतकी तुळतुळीत होत नाही. हात फिरवला की किंचित खरखर लागते. माझे मत असे की ज्यांचे वय झाले आहे, हात थरथरतो किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू आहे, त्यांच्यासाठी गुळगुळीतपणा ही कसोटीच चुकीची आहे. आपली दाढी आपल्याला रोज, न घाबरता, दुसऱ्याची मदत न घेता करता येते का, ही खरी कसोटी. त्यात शेव्हर पहिल्या नंबराने पास होतो. आपण मुलांनी मात्र तो नुसता आणून देऊन मोकळे होऊ नये, चार दिवस आरशासमोर शेजारी उभे राहावे.

पुढे बाबा पुण्याला परतले तेव्हा शेव्हर बरोबर गेला. नेण्यापूर्वी चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिले आहे ना, ते पाहून घ्या. फक्त १२० व्होल्टचा असेल तर तिकडे लावताच जळेल. परवा फोनवर म्हणाले, समोरच्या बिल्डिंगमधले एक मित्रही तीच गोळी घेतात, त्यांना शिकवतो आहे. मी विचारले, "काय शिकवता?"

"गोल फिरवू नका म्हणून सांगतो," बाबा म्हणाले.